साठा आणि खोळंबा : वऱ्हाडातील पेवे, कापूस आणि रांगा

संगणकावर वसाहत वसवण्याचे काही खेळ असतात. अकरावी-बारावीच्या मुलांना ते चांगले ठाऊक आहेत. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ (२००६) हा त्यांतला जुना आणि अवघड खेळ. ‘रिमवर्ल्ड’ (२०१८) हा त्यामानाने अलीकडचा. ओसाड जमिनीवर मूठभर माणसे उतरतात. त्यांनी शेत कसायचे, लाकूड तोडायचे, दगड फोडायचे, धान्य साठवायचे आणि पुढच्या हंगामाची बेगमी करायची. खेळणारा कोणाचा हात धरून काम करवून घेत नाही. कोठार कुठे असावे, त्यात काय ठेवावे, कोणते काम आधी व्हावे एवढेच तो ठरवतो. बाकीचे ती माणसे आपापली पाहतात.

सुरुवातीला सगळ्याचीच टंचाई असते, म्हणून खेळणारा साठ्याच्या मागे लागतो. मग सुबत्ता येते. कोठारे भरतात, नवी बांधली जातात, तीही भरतात. अंगणात दगडांचे आणि कपड्यांचे ढीग पडतात. आणि एके दिवशी लक्षात येते की खेळ रेंगाळू लागला आहे. माणसे पाऊल उचलतात ते मंद गतीने, आणि खेळातला दिवस संपता संपत नाही. मुलाला वाटते, आपला संगणक जुना झाला. संगणक आहे तसाच असतो, त्याची स्मृतीही भरलेली नसते. मग गाव कशाने थबकले?

हा प्रश्न खेळापुरता नाही. साठा केला की सुरक्षितता येते, हे खरे. पण काही साठे सगळ्या व्यवहाराची गती मारून टाकतात, हेही तितकेच खरे. कोणता साठा तारतो आणि कोणता अडवतो, हे समजून घ्यायला बुलढाणा जिल्ह्याचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास फार उपयोगी पडतो. इथे दोन्ही प्रकारचे साठे होते. एक जमिनीच्या पोटात, दुसरा बाजाराच्या तोंडाशी.

पेव, बळद आणि कणगी

ज्वारीचे पीक वर्षातून एकदा हाती येते आणि भाकरी रोज लागते. येण्याचा वेग आणि लागण्याचा वेग यांचा मेळ बसत नाही, म्हणून साठा करावा लागतो. जगातल्या कोणत्याही कोठाराचे मूळ कारण हेच.

वऱ्हाडातल्या शेतकरी घरात हा साठा एका जागी नसे. रोजच्या वापराचे धान्य कणगीत. ही कणगी बांबूच्या किंवा तुरीच्या काड्यांची विणलेली आणि आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली. ती स्वयंपाकघराजवळ असे. वर्षाचे धान्य बळदात, म्हणजे घराच्याच जाड भिंतींत केलेल्या बंदिस्त जागेत. आणि त्याहून जास्त असलेले धान्य पेवात.

पेव म्हणजे जमिनीत खणलेले कोठार. त्याचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे अरुंद आणि पोट रुंद. काळी माती पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पेव शेतात न खणता गावाच्या पांढरीत किंवा मुरमाड उंचवट्यावर खणत. आत कडबा, भुसा यांचे अस्तर देत. ज्वारी भरली की तोंडावर दगड ठेवून माती-शेणाने ते पक्के बंद करत.

या बंद करण्यातच पेवाचे विज्ञान आहे. धान्याचा दाणा जिवंत असतो. तो श्वसन करतो. धान्यातले किडे आणि बुरशीही श्वसन करतात. पेव बंद झाले की आतला ऑक्सिजन हळूहळू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. किडे गुदमरून मरतात, दाण्याचे श्वसन अगदी मंदावते आणि धान्य वर्षानुवर्षे टिकते. आज हवाबंद पिशव्यांत धान्य साठवण्याचा प्रचार होतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे. पेवाचे दोषही होते. कडेची आणि तळाची ज्वारी ओल लागून काळी पडे, तिला कुबट वास येई. आणि उघडलेल्या पेवात घाईने उतरणारा माणूस त्याच वायूने गुदमरून दगावण्याची भीती असे. म्हणून जाणती माणसे तोंड उघडून ते बराच वेळ तसेच ठेवत, आत दिवा सोडून तो विझतो का ते पाहत. आठवीच्या वर्गात श्वसन शिकवताना याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

पेव एकदा फोडले की हवा आत शिरे, किडीला पुन्हा वाट मिळे. त्यामुळे सगळे धान्य एकदमच बाहेर काढावे लागे. एखाद्या गोष्टीचा अचानक सुकाळ झाला की आपण ‘पेव फुटले’ म्हणतो, त्याचे नाते या व्यवहाराशी सहज दिसते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. कणगीला घरातली बाई दिवसातून दोनदा हात लावी. बळदाला महिन्या-दोन महिन्यांनी. पेवाला मात्र कित्येक वर्षे कोणी हात लावत नसे. ते भरलेले आहे एवढे ठाऊक असणे पुरे होते. त्याची रोज मोजदाद नाही, राखण जवळजवळ नाही, उचल-ठेव तर नाहीच. असा साठा रोजच्या कामाच्या वाटेत येत नाही. याला आपण ‘वाटेबाहेरचा साठा’ म्हणू.

खामगावचा बाजार आणि बैलांचे तांडे

आता दुसऱ्या प्रकारच्या साठ्याकडे वळू. खामगावचा कापूस बाजार साधारण १८२० च्या सुमारास सुरू झाला असे मानतात. आधी तूप, सूत असा किरकोळ व्यापार होता. पुढे कापसाने सगळे व्यापून टाकले. (खामगाव तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात नव्हते. १९०५ च्या पुनर्रचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात आले.) १८५३ मध्ये निजामाबरोबर झालेल्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे लक्ष या काळ्या मातीकडे वळले.

कापूस ही जड वस्तू नाही, पण जागा फार खाते. वेचलेल्या कापसाचा सुमारे दोन तृतीयांश भाग सरकीचा असतो. सरकी काढून उरलेली रुई इतकी फुगीर की बैलाच्या पाठीवर वजन कमी आणि पसारा जास्त. खामगावहून मुंबई पाचशे किलोमीटरहून दूर. दिवसाला पंधरा किलोमीटर चाल धरली तरी एका खेपेला महिन्याहून अधिक काळ लागणार. वाटेत धूळ, चोरी आणि अवकाळी पाऊस. पावसाळ्यात तर काळ्या मातीच्या वाटा बंदच होत. ज्याचा कापूस ज्येष्ठापर्यंत निघाला नाही, त्याला तो दसरा-दिवाळीपर्यंत घरात ठेवावा लागे आणि तेवढ्यात नवा कापूस दारात येई.

हा साठा पेवासारखा नव्हता. तो कोणी मुद्दाम करून ठेवलेला नव्हता, तो अडकलेला होता. त्याला राखण लागे, झाकण लागे, आगीची धास्ती असे. व्यापाऱ्याचा पैसा त्यात गुंतून पडे आणि त्या पैशावर व्याज चढे. हा ‘वाटेतला साठा’.

अडचण घाटात जाऊन बसली

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला. मुंबईत कापसाचे भाव काही पटींनी चढले. जितका कापूस पोचेल तितका विकला जाईल अशी स्थिती होती. प्रश्न होता तो पोचण्याचा.

‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वेचे काम तेव्हा चालू होते. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे मार्गाने सुरुवात झालेली ही रेल्वे १८६१ पर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी कसाऱ्याला पोचली. त्याच वर्षी घाटमाथ्यावर इगतपुरी ते नाशिक हा तुकडाही चालू झाला. १८६३ मध्ये गाडी भुसावळला आली आणि तिथून पुढे वऱ्हाडात शिरली. मधला थळ घाट मात्र बाकी होता. अंतर अवघे पंधरा किलोमीटर, पण चढ ३७ फुटांना एक फूट असा. तिथले बोगदे आणि पूल पुरे होऊन घाटातली रेल्वे चालू झाली ती १ जानेवारी १८६५ रोजी.

म्हणजे ऐन तेजीच्या काळात चित्र असे होते. वर शेकडो किलोमीटर रेल्वे, खाली सव्वाशे किलोमीटर रेल्वे आणि मध्ये पंधरा किलोमीटरचा घाटरस्ता, जिथे गाठी उतरवून बैलगाड्यांत घालायच्या आणि खाली नेऊन पुन्हा डब्यांत भरायच्या. वरच्या आगगाडीने वेग दुप्पट केला असता तरी मुंबईला रोज पोचणाऱ्या गाठी वाढल्या नसत्या. घाटमाथ्यावरचा ढीग तेवढा वाढला असता.

साखळीचा वेग तिच्या सगळ्यात अरुंद जागेवर ठरतो. हे वाचायला सोपे असले तरी व्यवहारात फार उशिरा सुचते, कारण आपले लक्ष ढिगाकडे जाते. ढीग दिसला की माणूस म्हणतो, ‘जागा कमी पडते, गोदाम बांधा.’ खरे तर ढीग हा अडचणीचा पत्ता असतो. ढिगाच्या लगेच पुढे पाहिले की अरुंद जागा सापडते.

आणि एक जागा रुंद केली की अडचण संपत नाही, ती पुढच्या अरुंद जागी जाऊन बसते. घाट खुला झाला आणि तीनच महिन्यांनी, एप्रिल १८६५ मध्ये, अमेरिकेतले युद्ध मिटले. भाव कोसळले. चढ्या भावात घेतलेला कापूस ज्यांच्याकडे अडकला होता, ते बुडाले. ज्या साठ्याने आदल्या वर्षी माणसाला लखपती केले, त्याच साठ्याने त्याला दिवाळखोर केले. वाटेतल्या साठ्याचा हा एक कायमचा धोका आहे. तो वाटेत असतानाच बाहेरचे जग बदलते.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पण मुख्य मार्ग खामगावला टाळून जलंबवरून गेला होता. पाचशे किलोमीटर रेल्वे आणि पहिले तेरा किलोमीटर बैलगाडी, असा तो प्रकार. अखेर जलंब-खामगाव हा फाटा बांधला गेला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावला येऊन त्याचे आणि नव्या कापूस बाजाराचे उद्घाटन केले. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय का यावेत, याचे उत्तर त्या तेरा किलोमीटरच्या अरुंद जागेत आहे. त्याच वर्षी मुंबई-सुएझ समुद्री तार चालू झाली आणि लिव्हरपूलचे भाव मुंबईत काही तासांत कळू लागले. पुढच्या दशकांत वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस आले. गाठी घट्ट दाबल्या जाऊ लागल्या, तेवढ्याच डब्यात जास्त रुई बसू लागली. कापूस वाहता झाला.

पेवे रिकामी झाली

कापसाची वाट मोकळी झाली ती ज्वारीलाही मोकळी झाली. पूर्वी एका भागात भरघोस पीक आले तर ते बाहेर नेणे परवडत नसे. ते पेवात जाई आणि तिथेच राही. आता दूरच्या प्रांतात भाव चढले की धान्य डब्यात बसून तिकडे जाऊ लागले. दुसरीकडे शेतसारा रोखीत भरायचा आणि रोकड देणारे पीक कापूस, म्हणून ज्वारीच्या वावरांत कापूस शिरला. नवे धान्य कमी आणि जुन्याला गिऱ्हाईक तयार. पेव भरून ठेवणे हा आता अडकवलेला पैसा वाटू लागला.

हिशेबी माणसाच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. धान्य इथे पडून राहण्यापेक्षा जिथे गरज आहे तिथे गेले, आणि आपल्याकडे टंचाई आली तर याच रेल्वेने धान्य येईल, अशी मांडणी तेव्हाचे सरकार करत होते. ती अगदीच खोटी नव्हती. धान्य खरोखर आणता येत होते. पण रेल्वे धान्य आणते ते पैसे मोजणाऱ्याकडे. पेवातली ज्वारी घरची होती. तिला त्या दिवशीचा बाजारभाव लागू नव्हता.

१८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला. तो कसाबसा निभावतो तोच १८९९ चा पाऊस पश्चिम आणि मध्य भारतात फसला. पीक नाही, चारा नाही, पाणी नाही. मजुरीची कामे थांबली आणि धान्याचे भाव गगनाला भिडले. ज्या घरात पेव नव्हते आणि हातात रोकडही नव्हती, त्याला दुकानात असलेले धान्य नसल्यासारखेच होते. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. वाढायला हवी होती ती दहा वर्षांत दीड लाखाने घटली. या आकड्यात दुष्काळाबरोबर पटकी, ताप अशा साथी आहेत, गाव सोडून गेलेलेही असतील. दुष्काळाची कारणे एकाच गोष्टीत शोधू नयेत; इतिहासकारांचे त्यावर मतभेद आहेत. पण ज्या देशात कापसाच्या गाठी पूर्वी कधी नव्हत्या इतक्या वेगाने वाहत होत्या, त्याच देशात धान्याची पेवे संपली होती, हे चित्र विसरण्यासारखे नाही.

वाटेतला साठा हटवणे हे शहाणपणाचे काम होते. त्या ओघात वाटेबाहेरचा साठाही हटला, आणि तो फक्त दुष्काळातच कामाला येणारा असल्यामुळे चांगल्या वर्षांत त्याची उणीव कोणाला जाणवली नाही.

गाड्यांची रांग

विसाव्या शतकात एक वेगळेच चित्र याच जिल्ह्याने पाहिले. शेतकऱ्याची बाजारात होणारी लूट थांबावी म्हणून महाराष्ट्र शासनाने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस शासकीय यंत्रणेलाच विकायचा आणि तिने ठरलेला भाव द्यायचा, अशी ती योजना. २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपला. योजनेच्या अर्थकारणात आपण इथे शिरणार नाही. आपल्याला पाहायची आहे ती खरेदी केंद्राबाहेरची रांग.

वेचा होऊन कापूस घरात आला की जो तो गाडी जुंपून निघणार, कारण घरात जागा नसते आणि देणी थकलेली असतात. केंद्रावर गाडीला क्रमांक मिळायचा, मग प्रतवारी, मग काटा, मग कापूस गंजीवर. गंजी जिनमध्ये गेल्याशिवाय नव्या कापसाला आवारात जागा नाही. ऐन हंगामात रांग रस्त्यावर यायची. शेतकरी गाडीखाली झोपायचा, बैलांचा कडबा सोबत आणलेला असायचा. विदर्भातल्या ज्या वाचकांनी ते दिवस पाहिले आहेत, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

रांग कशी वाढते याचे गणित मांडले ते डेन्मार्कच्या ए. के. एर्लांग यांनी. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते आणि ग्राहकाला किती वेळ ताटकळावे लागेल हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा पहिला निबंध १९०९ चा. आपण तो विचार बैलगाड्यांना लावून पाहू.

समजा एक केंद्र दिवसाला सरासरी १०० गाड्या रिकाम्या करू शकते. गाड्या अनियमित येतात आणि प्रत्येक गाडीला लागणारा वेळही कमी-जास्त होतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून केंद्र अखंड चालते असे धरू. या साध्या प्रतिमानात एका गाडीचा केंद्रावरचा सरासरी वेळ काढायचा तर, १०० मधून रोज येणाऱ्या गाड्या वजा करायच्या आणि १ ला त्या संख्येने भागायचे. उत्तर दिवसांत येते.

रोज ८० गाड्या आल्या तर वेळ १/२० दिवस, म्हणजे सव्वा तासाहून थोडा कमी. ९० आल्या तर १/१० दिवस, सुमारे अडीच तास. ९५ आल्या तर १/५ दिवस, पावणेपाच तासांहून थोडा अधिक. ९९ आल्या तर पूर्ण एक दिवस! ऐंशीच्या नव्याण्णव झाल्या, म्हणजे काम पावपटीपेक्षाही कमी वाढले. थांबण्याचा वेळ मात्र वीसपट झाला. केंद्राचा वेग कोणी कमी केलेला नाही, कोणी कामचुकारपणा केलेला नाही. फक्त मोकळीक संपली आहे.

यालाच जोडून आणखी एक सुंदर नियम आहे. आवारात सरासरी किती गाड्या उभ्या दिसतील? रोज येणाऱ्या गाड्यांना सरासरी वेळाने गुणायचे. ८० गुणिले १/२० म्हणजे ४ गाड्या; ९९ गुणिले १ म्हणजे ९९ गाड्या. या नियमाची सर्वसाधारण सिद्धता अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये दिली. त्याचा उलटा वापर जास्त उपयोगी आहे. रांगेतल्या गाड्या मोजा, त्यांना रोज निघणाऱ्या गाड्यांनी भागा, म्हणजे नव्याने येणाऱ्याला किती दिवस थांबावे लागेल ते कळते.

आणि येणाऱ्या गाड्या क्षमतेपेक्षा जास्त झाल्या तर? रोज १२० गाड्या महिनाभर आल्या की ६०० गाड्यांची थकबाकी साचते. पुढे आवक ९० वर आली तरी रोज फक्त १० गाड्यांची थकबाकी फिटेल. ती संपायला ६० दिवस लागतील. गर्दीचा महिना एक, त्याची किंमत पुढचे दोन महिने. म्हणूनच गर्दी ओसरल्यावरही रांग का हटत नाही, याचे आश्चर्य वाटू नये.

पुन्हा संगणकाकडे

आता त्या रेंगाळलेल्या खेळाचे कोडे सुटते. खेळातले जग सेकंदाला काही ठरावीक वेळा एक-एक पाऊल पुढे सरकते. प्रत्येक पावलाला संगणकाला प्रश्न पडतात. या माणसाला भूक लागली आहे, सर्वांत जवळचे अन्न कोणते? त्या सुताराला लाकूड हवे, कोणता ओंडका जवळ? इथे पडलेला दगड कोणत्या कोठारात न्यायचा? पन्नास माणसे आणि दहा हजार वस्तू असतील आणि प्रत्येक माणसासाठी प्रत्येक वस्तू तपासायची वेळ आली, तर ती पाच लाख तपासण्यांची फेरी होते. त्यातून वस्तू निवडली की तिथपर्यंतची वाट शोधायची. वाट शोधण्याची एक प्रसिद्ध रीत पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफेल या तिघांनी १९६८ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत मांडली. ती मूळची एका यंत्रमानवासाठी होती. ‘ए-स्टार’ या नावाने ती ओळखली जाते. ती चांगलीच चपळ आहे, पण प्रत्येक शोधाला वेळ हा लागतोच.

म्हणजे संगणक हेच ते खरेदी केंद्र. प्रश्न म्हणजे गाड्या. प्रश्न क्षमतेच्या आत आहेत तोवर खेळ सुरळीत चालतो. त्या सीमेपलीकडे गेले की एका पावलाचे काम वेळेत पुरे होत नाही आणि सगळे गाव एकदम मंदावते. अंगणात पडलेला दगड नुसता पडलेला नसतो. ‘मला उचला’ असा तो सतत पुकारा करत असतो.

मुरलेले खेळाडू यावर जे उपाय करतात ते पाहण्यासारखे आहेत. ‘कपडे शिवत राहा’ असा हुकूम न देता ते ‘वीस सदरे होईपर्यंत शिवा’ असा देतात. लाकडाचे कोठार सुताराच्या शेजारी आणतात, जसे खामगावला रेल्वे बाजाराच्या दारात आणली. सुट्या वस्तू पेटाऱ्यांत भरतात, म्हणजे मोजायच्या वस्तू कमी होतात. जिनच्या शेजारी प्रेस आले तेव्हा रुईच्या गाठी झाल्या, त्यातला हा प्रकार. निरुपयोगी ढीग मोडून टाकतात. पण दुष्काळी हंगामासाठी ठेवलेले धान्य मोडीत काढणारा खेळाडू पुढच्या हिवाळ्यात गाव गमावतो. ते ठेवायचे, पण एका बाजूला आणि बंद करून, रोजच्या कोणाच्या शोधात न येईल असे. हे पेवच झाले.

वर्गात करून पाहा

चार विद्यार्थी एका ओळीत बसवा : शेत, जिन, प्रेस आणि रेल्वे. प्रत्येकाला एक फासा द्या. शेताजवळ भरपूर चिंचोके ठेवा. प्रत्येक फेरी म्हणजे एक दिवस. आधी रेल्वेने, मग प्रेसने, मग जिनने आणि शेवटी शेताने फासा टाकायचा. जितके दान पडेल तितके चिंचोके आपल्या समोरच्या ढिगातून पुढे सरकवायचे. ढिगात कमी असतील तर असतील तेवढेच. शेताला मात्र चिंचोक्यांची कधीच कमतरता नाही. तीस फेऱ्या झाल्यावर मुंबईला गेलेले चिंचोके मोजा.

फाशाचे सरासरी दान साडेतीन. म्हणजे तीस दिवसांत १०५ चिंचोके जायला हवेत, असे मुले सांगतील. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कमी जातील आणि मधल्या ढिगांत बरेच अडकलेले दिसतील. सगळ्यांची सरासरी क्षमता सारखी असूनही असे का झाले, हे त्यांनाच शोधू द्या. मोठे दान पडले तेव्हा समोर चिंचोके नव्हते, आणि चिंचोके होते तेव्हा दान लहान पडले, हे कोणीतरी नक्की सांगेल. मग दुसरा डाव खेळा. जिनसमोर दहाहून जास्त चिंचोके असतील तर त्या दिवशी शेताने काही पाठवायचे नाही. ढीग किती उतरला आणि मुंबईला पोचलेल्या चिंचोक्यांत किती फरक पडला, याची पहिल्या डावाशी तुलना करा.

शेवटी मुलांना आपापल्या घरी एक प्रश्न न्यायला सांगा. आजी-आजोबांच्या घरात धान्य कुठे ठेवत होते? पेव, बळद, कणगी यांपैकी काय होते आणि ते कधी बंद झाले? आज बुलढाणा जिल्ह्यातल्या कितीतरी वावरांत कापसाच्या जागी सोयाबीन आहे. तेही रोकडीचे पीक. कणगीत ठेवून घरी खाण्याचे नव्हे. जुन्या वाड्याच्या भिंतीत एखादे बळद अजून असेल, पांढरीत एखाद्या बुजलेल्या पेवाचा खळगा असेल. तो मुलांना दाखवा. तिथे उभे राहून ‘साठा कशासाठी?’ असे विचारले तर उत्तर शोधायला पुस्तक उघडावे लागणार नाही.